प्रकल्प नोंदी: उर्राक, कलिंगड आणि पुदिना

१५ मार्च २०२५, शनिवार

सावंतवाडीहून दादाचा फोन. ३ मेला सगळे म्हापशाला आमच्याकडे येणार. आधी त्याचं म्हणणं वेगळं होतं, "तूच ये, आणि येताना दोन बाटल्यो उर्राक हाड गो." मी म्हटलं अजिबात नाही, उर्राक म्हणजे गोव्याची काजूची दारू, ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या चेकपोस्टवर दोन बाटल्यांसाठी गाडी बाजूला घेऊन उभं राहायची मला हौस नाही. ज्याला प्यायचाय त्याने इकडे या, प्या, आणि रात्री इथेच झोपा.

तर १४ माणसं. पिणारी ९, न पिणारी ५ (दोन पोरं, आई, वहिनी, आणि डॉक्टरने बंद केलेले मामा).

गेल्या वर्षी मी पांढरी रम, लिंबू, पुदिना असा मोहितो केला होता. मामा त्याला शेवटपर्यंत "मोहिते" म्हणत होते, "काय गं, तुझे मोहिते कुठवर आले?" चव बरी होती पण सगळ्यांच्या दातात हिरवं अडकलेलं, एक फोटो धड नाही. शिवाय मोहितो हवानाचा, तिकडे रम पिकते म्हणून तो रमचा. आपल्याकडे मार्च ते मे काय पिकतं, काजू. मग रम कशाला आणायची?

ठरलं: उर्राक, कलिंगड, पुदिना. विकतचं सिरप नाही. शेकर विकत घ्यायचा नाही. नोंदी ठेवायच्या, कारण गेल्या वर्षी कशाचं प्रमाण किती होतं ते मला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं, आणि का आठवत नव्हतं ते सांगायला नको.

२१ मार्च, शुक्रवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पुदिन्याच्या तीन जुड्या, दहा लिंबं, पर्रा गावचं म्हणून एक कलिंगड, ४.२ किलो. पर्र्याची कलिंगडं नावाजलेली, त्यामुळे बाजारात प्रत्येकाचं कलिंगड पर्र्याचंच असतं. मी आपलं जमिनीला टेकलेला डाग पिवळा आहे का ते बघते. पांढरा असेल तर लवकर काढलेलं. ठोकून बघणाऱ्यांचं मला कधीच कळलं नाही, मला सगळी सारखीच वाजतात.

पुदिना घरी येईपर्यंत मान टाकतो. दोन जुड्या देठ कापून पेल्यात पाणी घालून फुलांसारख्या ठेवल्या, एक ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. बघू कोण टिकतं.

२२ मार्च, शनिवार

डिचोलीकडे एका भट्टीवर गेलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीची, लायसनवाली. वास तर दोनशे मीटर आधीपासून येतो, ज्याला आवडतो त्याला आवडतो, आमच्या आईला पदर नाकाला लावावा लागला.

तिथे उभं राहून बघितलं म्हणून लिहून ठेवते. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात. बिया काढतात, बोंडू तुडवून चिरडतात, रस काही दिवस आंबवतात, मग तो भाण नावाच्या भांड्यात घालून खाली लाकडं पेटवायची. पहिल्या धारेचा तो उर्राक, साधारण १५ टक्के. हाच उर्राक परत आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळला की फेणी, ती ४२-४३ टक्क्यांवर जाते. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. धाकट्या उर्राकाला असला काही मान नाही, तो पावसाआधी पिऊन संपवायचा, ठेवला तर वास उतरतो.

चार लिटर घेतला. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून, नेहमीप्रमाणे.

२३ मार्च, रविवार

प्रयोग १. पुदिन्याची १५-२० पानं खलबत्त्यात साखर घालून चांगली कुटली, लिंबू पिळलं, कलिंगडाचा रस, उर्राक, बर्फ.

कडू. नुसतं कडू नाही, गवत चावल्यासारखं. नवरा म्हणाला चटणी पातळ झालीय. खरं होतं, मी चटणीसारखाच कुटला होता.

पुदिन्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये तेलात असतो, तो निघायला पान नुसतं दुखावलं तरी पुरतं. कुटलं की आतलं सगळं हिरवं कडू पाणीही बाहेर येतं. दुसऱ्या ग्लासात पानं तळहातावर ठेवून टाळी वाजवली आणि तशीच टाकली. फरक ताबडतोब. आई आतल्या खोलीतून, "कसल्या टाळ्या वाजवतेस गं?"

हे जाता जाता, कारण आज अर्धा तास यातच गेला. पुदिना थंड लागतो तेव्हा तोंड खरं तर थंड झालेलं नसतं. मेंथॉल आपल्या नसांमधल्या थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला फसवतं, तसंच मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्याला. या दोन्हींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचंही त्यातच होतं. आपल्या बाजारातला पुदिना बहुतेक स्पिअरमिंट जातीचा, त्यात मेंथॉल फार नसतं, कार्व्होन असतं, म्हणून तो पेपरमिंटच्या गोळीइतका गार लागत नाही. पण गंमत अशी की उर्राकात इकडे लोक लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालतातच, म्हणजे त्यात पुदिना टाकला की एकाच ग्लासात थंडीची फसवणूक आणि उष्णतेची फसवणूक. मिरची ठेवायची हे इथेच ठरलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. आज उर्राकाला हात नाही, फक्त सिरप. साखर आणि पाणी समान, पुदिना तीन प्रकारे.

अ) उकळत्या पाकात पानं टाकून झाकून ठेवली. रंग शेवाळी, चव पुदिन्याच्या काढ्याची. बाद.

ब) पानं कोरड्या साखरेत हाताने हलकी चोळून अर्धा तास ठेवली, मग थंड पाणी घालून साखर विरघळवून गाळलं. वास फार छान, रंग जवळपास नाहीच.

क) पानं उकळत्या पाण्यात १५ सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग थंड पाकाबरोबर मिक्सरला एक फेरा आणि गाळणं. रंग बघण्यासारखा हिरवा, काळा पडला नाही. गरम पाण्याने पानं काळी करणारं एन्झाइम मरतं. पण वास ब पेक्षा कमी, आणि लाल कलिंगडात हिरवं सिरप घातलं की जो रंग होतो त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

ब घेतलं. हे सगळं श्रीखंड-पुरी झाल्यावर दुपारी तीनला, डोळे मिटत असताना, त्यामुळे अजून एकदा करून बघायला हवं.

पेल्यातला पुदिना चार दिवस ताजा होता, फडक्यातला सात दिवस. पेल्यातल्या दोन काड्यांना बारीक मुळं फुटलीत.

५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस भिंत पुसण्यात.

मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे, १५ मिलिची खूण असलेलं, त्याने काम होतं. शेकरऐवजी रुंद तोंडाची स्टीलची पाण्याची बाटली घेतली, तेही ठीक. त्यात उर्राक, रस, लिंबू, बर्फ, आणि मी शहाणी, सोडासुद्धा घातला, झाकण लावलं आणि हलवलं. झाकण छताला लागलं. छत, भिंत, कॅलेंडरवरचा गणपती, सगळं गुलाबी. नवरा बाहेरून धावत आला, मला काही झालं नाही हे बघितलं आणि मग जो हसत सुटला तो जेवेपर्यंत.

सोडा कधीही हलवायचा नाही, ग्लासात शेवटी ओतायचा. हे मला माहीत होतं. तरी घातला.

दुसरी गोष्ट रसाची. मिक्सर एक मिनिट चालवला तर बिया फुटतात, रस तुरट होतो आणि वर फेस. आता फोडी मोठ्या ठेवून नुसते दोन-तीन झटके द्यायचे, आणि पुरणाच्या चाळणीतून गाळायचं. चहाची गाळणी घेऊ नये, संध्याकाळ होते. २१ तारखेच्या ४.२ किलोतून २.३ लिटर निघाला होता, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. हिशेबाला हा आकडा धरते.

१२ एप्रिल, शनिवार

बर्फ. फ्रिजच्या ट्रेचे लहान खडे मेच्या उकाड्यात पाच मिनिटांत पाणी होतात, आणि कलिंगड मुळातच ९० टक्क्यांवर पाणी, त्यात आणखी पाणी म्हणजे शेवटचा अर्धा ग्लास कोणी पीत नाही, टेबलावर गोळा होतात.

मोठा पारदर्शक बर्फ करायची युक्ती अशी की थर्मोकोलच्या उघड्या डब्यात पाणी घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, ते फक्त वरून खाली गोठत जातं, हवा आणि गढूळपणा तळाला ढकलला जातो, वरचा भाग काचेसारखा निघतो. निघाला. खरंच काचेसारखा. फक्त डबा मी तो घेतला होता ज्यातून नवरा बाजारातून मासे आणतो. सुरमईचा बर्फ. दिसायला इतका सुंदर की टाकवत नव्हता.

१३ एप्रिल, रविवार

मग दुसरं डोकं चालवलं, उर्राकाची बाटलीच फ्रीझरमध्ये ठेवू, व्होडका ठेवतात तसा, म्हणजे बर्फ कमी लागेल. सकाळी बघते तर बाटली टरटरून फुगलेली आणि आत चुऱ्यासारखा गोळा. १५ टक्के म्हणजे साधारण वाइनइतकाच, वजा १८ च्या फ्रीझरमध्ये तो गोठणारच, व्होडकाची गोष्ट वेगळी. नशीब प्लास्टिकची बाटली होती.

पण त्या बाटलीवरून सुचलं. गोठवायचंच आहे तर कलिंगडच गोठवू. बिया काढून दोन बोटं जाड चौकोनी फोडी, ताटात सुट्या ठेवून रात्रभर. बर्फाऐवजी ग्लासात चार फोडी. हळूहळू विरघळतात, विरघळल्या तरी चव पातळ होत नाही, आणि शेवटी चमच्याने खाता येतात. बर्फाचा विषय बंद!

१९ एप्रिल, शनिवार

प्रमाणं. तीन ग्लास, तिन्हीत रस ९० मिलि, लिंबू १५, सिरप १०, सोडा ६०, चिमूटभर मीठ, अर्धी चिरलेली मिरची.

पहिल्यात उर्राक ६० मिलि. शुद्ध अल्कोहोल ९ मिलि, सगळं मिळून २३५ मिलि, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा आत, साध्या बिअरपेक्षाही कमी. दुसऱ्यात ९०, अल्कोहोल साडेतेरा. तिसऱ्यात उर्राक नाही, फेणी ३०, अल्कोहोल जवळजवळ तेरा.

फेणीवाला पहिल्या घोटात बाद. फेणी एकटी बरी, ती दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही, पुदिना घातलाय हे सांगावं लागलं. ९० वाला नवऱ्याला आवडला. मला ६० वाला, त्यात कलिंगड आधी येतं, मग पुदिना, आणि गिळल्यावर मागून काजूचा वास.

शेजारच्या आंटीला पंच म्हणून बोलावलं होतं. तिने तिन्ही चाखले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उर्राकाक इतलें सगळें कित्याक गो? लिंबू, मीठ, मिरसांग, लिम्का. जालें." वर म्हणाली की ६० वाला शरबत आहे. मग तो शरबत संपवून ग्लास पुढे केला. मी ही नोंद साठच्या बाजूने धरतेय.

६० ठरायचं खरं कारण वेगळं आहे. गोड आणि गार पेय माणूस तहान लागल्यासारखं पितो, मोजत नाही. मेची दुपार लांब असते, लोक बारापासून बसणार. ९० ठेवला तर तीन वाजता दादा गाणी म्हणायला लागेल, त्याची गाणी आम्ही ऐकलीत.

२६ एप्रिल, शनिवार

न पिणाऱ्यांचं. नुसता उर्राक वगळला की जे उरतं ते कलिंगडाचं पाणी, काहीतरी गेलंय असं वाटतं. उर्राक एक प्रकारचा आंबूस, थोडा उग्र कोपरा देतो तो भरून काढायला हवा. आलं घातलं, ठीक. चिंच, नाही. मग कोकमाचं आगळ १० मिलि, आणि तिथे जमलं. आगळात मीठ आधीच असतं म्हणून वरचं मीठ बंद. रस १५० मिलि, लिंबू, सिरप, सोडा तेच. मिरची मामांना हवी, पोरांना नको. रंग तर असा की पिणारे याच्याकडे बघत बसतील.

एकूण हिशेब. पिणारे: २५ ग्लास धरून उर्राक दीड लिटर, रस सव्वादोन लिटर. न पिणारे: १५ ग्लास, रस आणखी सव्वादोन. साडेचार लिटर रस म्हणजे सव्वाआठ किलो कलिंगड, शिवाय गोठवायला एक वेगळं. एका लिंबातून २० ते २५ मिलि निघतं, ४० ग्लासांना ६०० मिलि लागेल, म्हणजे ३० लिंबं. सोडा लहान बाटल्यांतून घ्यायचा, मोठी उघडली की अर्ध्यावर तिचा दम जातो. पुदिना ६ जुड्या.

२ मे, शुक्रवार

बाजार पहाटेच. तीन कलिंगडं आणली. पहिलं कापलं, लालभडक. दुसरं कापलं, आत आजारी माणसाच्या ओठांसारखं फिकट, चव काकडीची. डाग पिवळा बघूनच घेतलेलं, माझं सगळं शास्त्र त्याने धुळीला मिळवलं. नवऱ्याला परत पाठवलं, आल्यावर तोच मला म्हणतोय की ठोकून बघायला हवं होतं.

फिकट कलिंगड फेकलं नाही, फोडी करून गोठवलं. ग्लासात रस गोड असताना बर्फाच्या फोडीला गोडी कमी असली तरी चालते.

सिरप ब पद्धतीने अर्धा लिटर. लिंबं आज पिळायची नाहीत, रात्रभरात रसाला शिळा कडवटपणा येतो. पुदिना फडक्यात.

३ मे, शनिवार

सकाळी १० ला लिंबं पिळली (मामांनी पिळली, "डॉक्टरने हे बंद केलेलं नाही"). रस गाळून लगेच त्यात थोडं लिंबू, फ्रिजमध्ये. दोन स्टीलच्या बरण्या, एकीत उर्राक, रस, सिरप मिसळून, दुसरीत उर्राकाशिवाय आगळवालं. बरण्यांवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात "मोठे" आणि "सगळे" असं लिहिलं, कारण दोन्ही लाल. हे अक्कलखात्यात नाही, वहिनीने सांगितलं म्हणून केलं. आणि बरं झालं, कारण धाकटा भाचा पाच मिनिटांत "मोठे" बरणीजवळ ग्लास घेऊन उभा, वाचता येतं म्हणून परत फिरला.

ग्लासात क्रम: गोठलेल्या फोडी, बरणीतलं मिश्रण, लिंबू, मीठ, मिरची, वरून सोडा, एकदाच खालून वर ढवळायचं, आणि शेवटी पुदिन्याचा शेंडा टाळी वाजवून नाकाशी येईल असा खोचायचा. पानं आत टाकली नाहीत, त्यामुळे या वर्षी दात स्वच्छ.

बिघडलं ते: मिरची कोणती तिखट निघेल याचा नेम नाही, दादाच्या ग्लासात पडली ती जहाल, त्याचे डोळे भरून आले, तो म्हणे भावना आहेत. मिरच्या आधी चाखायला हव्या होत्या. सोडा कमी पडला, अडीचला परत आणायला पाठवावं लागलं, आणि गाडी चालवता येणारा, न प्यालेला मोठा माणूस घरात वहिनीच होती, तीच गेली.

पिणाऱ्यांचे २५ धरलेले ते २३ च झाले. न पिणाऱ्यांचे १५ धरलेले, ते मात्र २८. चौथ्या ग्लासानंतर दादाच आगळवाल्याकडे वळला, मग त्याच्यामागे दोघे. साडेतीनला रस संपला, पुढचे उर्राक-लिंबू-मीठ असे आंटीच्या पद्धतीने.

आईने आगळवाले तीन घेतले. चौथा मागताना विचारलं, "यात ते नाही ना गं?" नाही म्हटलं. "नाही ना, मग दे."

४ मे, रविवार

सगळे सकाळी पोहे खाऊन गेले. रात्री गाडी कोणी चालवली नाही.

शिल्लक: थोडं सिरप, लिंबं सहा, फिकट कलिंगडाच्या फोडी एक डबा, उर्राक जवळजवळ लिटरभर. पुदिना शून्य. मुळं फुटलेल्या दोन काड्या कुंडीत लावल्या होत्या, त्यातली एक तगली, तिला चार पानं आलीत.

उर्राकाची बाटली आंटीने नेली, जाताना फोडींचा डबाही मागून घेतला. म्हणाली सहज, मुलीला दाखवायला.